काट्यावर उभी राहिलेली विद्यार्थिनी

रेल्वे स्थानकावरील वजनाचे यंत्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. फलाटाच्या एका कोपऱ्यात ते उभे असे. लाल-पिवळे दिवे लुकलुकत, काचेमागची चकती गरगर फिरे, आणि नाणे टाकताच खाडकन आवाज होऊन पुठ्ठ्याचे एक छोटे तिकीट हाती पडे. तिकिटावर वजन छापलेले असे, आणि सोबत भविष्याची एखादी ओळ. शाळा-कॉलेजातील मुले-मुली घोळक्याने त्या यंत्राभोवती जमत. भविष्य मोठ्याने वाचले जाई, त्यावर हशा पिके. वजनाचा आकडा मात्र पुष्कळ मुली मुठीत झाकून घेत.

हा आकडा झाकावासा केव्हापासून वाटू लागला? आपल्या भाषेला तर त्याची लाज ठाऊक नव्हती. 'तब्येत सुधारली' असे आपण म्हणतो, तेव्हा माणूस अंगाने भरला असाच त्याचा अर्थ असतो. 'तब्येत उतरली' म्हणजे तो वाळला. वसतिगृहातून सुट्टीत घरी आलेल्या लेकराला पाहून आईचे पहिले वाक्य ठरलेले असते, 'किती वाळलीस गं!' त्यात काळजी असते, दोषारोप नसतो. मग ज्या आकड्यात एका पिढीने आरोग्य पाहिले, त्याच आकड्यात पुढच्या पिढीच्या विद्यार्थिनीला अपराध कसा दिसू लागला? या प्रश्नाचा माग काढू गेल्यास सुमारे दीडशे वर्षे मागे आणि अमेरिकेतील मुलींच्या महाविद्यालयांपर्यंत जावे लागते. विद्यार्थ्याच्या देहाचे वजन हा सार्वजनिक वादाचा विषय ज्या ठिकाणी झाला, त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण ते आहे.

१८७३ : एक पुस्तक आणि एक आजार

अमेरिकेत मुलींसाठी पूर्ण दर्जाची महाविद्यालये नुकतीच निघू लागली होती. न्यूयॉर्क राज्यातील व्हासर कॉलेज १८६५ साली सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ आणि वेलस्ली ही दोन महाविद्यालये १८७५ साली उघडली. स्मिथच्या पहिल्या वर्गात अवघ्या १४ मुली होत्या. गणित, ग्रीक, रसायन हे विषय मुलींना झेपतील काय, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जात होता. मुलींनी परीक्षा देऊन त्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. बुद्धीला झेपेल, पण शरीराला झेपेल काय?

हा नवा प्रश्न सर्वांत ठामपणे मांडला तो बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात ते प्राध्यापक राहिले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १८७३ साली त्यांचे 'सेक्स इन एज्युकेशन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : शरीराची शक्ती मर्यादित आहे. वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराला स्वतःच्या घडणीसाठी ती शक्ती लागते. त्याच वर्षांत ती मुलग्यांप्रमाणे अखंड अभ्यास करील, तर रक्त मेंदूकडे ओढले जाईल, मातृत्वाची इंद्रिये दुबळी राहतील, आणि पदवी हाती येईपर्यंत मुलगी खंगून जाईल. पुराव्यादाखल त्यांनी मोजक्या रुग्ण मुलींच्या कहाण्या दिल्या. त्यांतील एक मुलगी व्हासरची होती. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मुलीला कॉलेजात धाडावे की नाही, या विचारात असलेल्या कित्येक घरांत त्याने धास्ती निर्माण केली.

योगायोग असा, की त्याच १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल या दोन वैद्यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, एका विलक्षण आजाराचे वर्णन केले. सुस्थितीतील घरांतल्या तरुण मुली कोणताही शारीरिक रोग नसताना अन्न नाकारतात, अस्थिपंजर होतात, तरीही आपण ठीक आहोत असेच म्हणत राहतात. गल यांनी त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले, आणि ते आजही रूढ आहे. क्लार्क यांच्या मते डॉक्टरला मुलीपेक्षा तिचे शरीर अधिक कळत होते. गल आणि लासेग यांच्यासमोर तर आपले शरीर आपल्यालाच न दिसणारी मुलगी बसलेली होती. देह आणि देहाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने नोंदवून ठेवले.

मुलींनी दिलेली साक्ष

क्लार्क यांना उत्तरे मिळालीच. १८७४ साली ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी अनेकांचे प्रतिवाद एकत्र करून एक ग्रंथ काढला. व्हासरच्या निवासी वैद्य ॲलिडा ॲव्हरी यांनी, क्लार्क यांनी रंगवलेले चित्र आपल्या महाविद्यालयाच्या रीतीशी जुळत नाही, असे स्पष्ट लिहिले. डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनी अधिक शास्त्रीय वाट धरली. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला विश्रांतीची खरोखर किती गरज असते, याविषयी त्यांनी स्त्रियांनाच प्रश्नावली पाठवली. २६८ स्त्रियांची उत्तरे आली. नाडीच्या आणि शक्तीच्या मोजमापांची जोड देऊन त्यांनी निबंध सिद्ध केला. तो हार्वर्डच्या बॉयलस्टन पारितोषिकासाठी निनावी पाठवला गेला, आणि १८७६ साली त्यालाच पारितोषिक मिळाले. क्लार्क ज्या संस्थेत शिकवीत होते, त्याच संस्थेने त्यांचा प्रतिवाद गौरवला.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयत्न १८८५ सालचा आहे. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने बारा महाविद्यालयांच्या १,२९० पदवीधर स्त्रियांकडे त्यांच्या आरोग्याविषयी प्रश्न पाठवले. शिकण्यापूर्वी प्रकृती कशी होती, शिकताना कशी राहिली, नंतर कशी आहे? ७०५ जणींनी उत्तरे दिली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रम-सांख्यिकी खात्याने ती प्रसिद्ध केली. तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे कळवले होते.

या पाहणीत उणिवा होत्या. ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांत आजारी किती होत्या, हे कळण्यास मार्ग नव्हता. आणि 'मी बरी आहे' हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे, असा आक्षेपही घेता आला असता. तरीही तिचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. 'तुझे शरीर तुला कसे वाटते?' हा प्रश्न शिकणाऱ्या स्त्रीला इतक्या व्यापक रीतीने विचारला जाणे, ही तोवर दुर्मिळ गोष्ट होती. तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. तिचे बोलणे मोजणारे थोडे.

आई, माझे वजन वाढले

या वादाचा परिणाम महाविद्यालयांच्या दिनक्रमावर झाला. मुली खंगत नाहीत हे सिद्ध करावयाचे, तर मापे हवीत. म्हणून व्यायामशाळा बांधल्या गेल्या, निवासी वैद्य नेमले गेले, मुलींची उंची, वजन आणि छातीचा घेर यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे संचालक डडली सार्जंट यांनी विद्यार्थ्यांच्या अशा मापांचा प्रचंड संग्रह केला. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्या मापांच्या सरासरीवरून घडवलेले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांचे पुतळे ठेवण्यात आले होते. विद्यार्थ्याचा देह आता प्रदर्शनीय झाला होता.

या वातावरणात मुली आपल्या देहाकडे कसे पाहत होत्या? अमेरिकन इतिहासकार मार्गारेट लो यांनी स्मिथ, कॉर्नेल आणि स्पेलमन या तीन संस्थांमधील विद्यार्थिनींची पत्रे, रोजनिशा आणि नियतकालिके तपासून २००३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची स्मिथमधील पत्रे वाचताना आजचा वाचक चकित होतो. वजन वाढल्याची बातमी मुली घरी आनंदाने कळवत होत्या. किती पौंड वाढले, अंग कसे भरले, भूक कशी सपाटून लागते, हे सारे आईला हौसेने लिहिले जाई. घरून खाऊचे डबे येत, आणि मैत्रिणी रात्री एकत्र जमून त्यांचा फडशा पाडीत.

याचे कारण उघड आहे. क्षयाने तरुण माणसे मरत होती, तो काळ. गालांवरची गोलाई म्हणजे रोग नाही याची ग्वाही. शिवाय क्लार्क यांचे पुस्तक प्रत्येक आईच्या मनात कुठेतरी बसलेले. वाढलेला एकेक पौंड जणू कळवीत होता, 'आई, मी शिकते आहे आणि तरीही जिवंत आहे, मला परत बोलावू नका.' वजनाचा काटा त्या काळी मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने साक्ष देत होता.

फिलाडेल्फियातील मराठी मुलगी

या कथेला एक मराठी धागाही आहे, आणि तो दुःखाचा आहे. अमेरिकेत हा वाद रंगात असतानाच, १८८३ साली, अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. थंड हवा, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांत तिची प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी तिने वैद्यकाची पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिची वाट पाहत होती. ती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला.

क्लार्क यांच्या चष्म्यातून पाहिले, तर आनंदीबाई म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताचा जिवंत दाखला ठरावी : मुलगी शिकली आणि खंगली. परंतु तिला खंगवले ते ग्रंथांनी नव्हे, क्षयाच्या जंतूंनी. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ साली, म्हणजे ती अमेरिकेस जाण्याच्या केवळ एक वर्ष आधी, जगासमोर आणला होता. त्यावर औषध सापडण्यास मात्र अजून साठ वर्षे अवकाश होता. मुलीच्या वाळलेल्या देहाकडे पाहून घाईने नैतिक निष्कर्ष काढणे किती अन्यायाचे असते, हे तिच्या उदाहरणावरून ध्यानी यावे. देह काहीतरी सांगत असतो. पण तो काय सांगतो हे ऐकण्याआधीच आपण आपला अर्थ त्याच्या तोंडी घालतो.

काटा फिरला

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हे चित्र उलटे झाले. कारणे एकाहून अधिक होती. विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाच्या कार्यामुळे अन्न उष्मांकांत मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजली होती. पहिल्या महायुद्धात अन्न वाचवणे हे देशकार्य ठरले, आणि भरलेल्या अंगाकडे हावरटपणाची खूण म्हणून पाहिले जाऊ लागले. तयार कपड्यांच्या मापांनी देहाला ठरावीक साच्यात बसवले. सरळ, सैल, आखूड झग्यांची नवी फॅशन सडपातळ बांध्यालाच शोभे. चित्रपट आले, जाहिराती आल्या. नाणे टाकून वजन सांगणारी यंत्रे दुकानांच्या दारी आणि स्थानकांवर उभी राहिली, आणि पाठोपाठ छोटा काटा स्नानगृहातही शिरला. पूर्वी वर्षातून एकदा वैद्यासमोर होणारी मोजणी आता रोज एकांतात होऊ लागली.

१९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी उष्मांक मोजून वजन उतरवण्याचा मार्ग सांगणारे पुस्तक लिहिले. त्या स्वतः एकेकाळी २२० पौंड, म्हणजे सुमारे १०० किलो, वजनाच्या होत्या. पावाचा तुकडा म्हणू नका, इतके उष्मांक म्हणा, असा त्यांचा उपदेश. ते पुस्तक १९२०च्या दशकात सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गणले गेले. अन्नाच्या ताटाला हिशेबाच्या वहीचे रूप आले.

महाविद्यालये या लाटेपासून दूर राहिली नाहीत. १९२४ साली स्मिथच्याच विद्यार्थिनींच्या साप्ताहिकात एक तक्रारीचे पत्र छापले गेले. मुली उपाशी राहून वजन उतरवण्याच्या मागे लागल्या आहेत. हे असेच चालले, तर आपले महाविद्यालय सुडौल बांध्यासाठी नव्हे, तर ओढलेल्या चेहऱ्यांसाठी आणि निस्तेज डोळ्यांसाठी ओळखले जाईल, अशा आशयाचा इशारा त्यात होता. ज्या वसतिगृहांतून मातांना वजन वाढल्याची आनंदवार्ता जात असे, तेथेच तीस-चाळीस वर्षांत मुली जेवण टाळू लागल्या होत्या.

केवढा हा विरोधाभास! शिक्षणाने मुली खंगतील हे क्लार्क यांचे भाकीत त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सप्रमाण खोडून काढले. आणि ते खोडले गेल्यावर, हाती शिक्षण आणि मताधिकार आल्यावर, त्याच महाविद्यालयांतील मुलींनी खंगण्याची वाट स्वखुशीने धरली. निदान त्यांना ती स्वखुशी वाटत होती.

येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. अटलांटा येथील स्पेलमन ही कृष्णवर्णीय मुलींची संस्था १८८१ साली स्थापन झाली होती. तेथील मुलींपुढचा प्रश्न निराळा होता. त्यांना आपल्या नीटनेटकेपणातून आणि वागणुकीतून संपूर्ण समाजाची प्रतिष्ठा सिद्ध करून दाखवावी लागे. उपाशी राहून बारीक होण्याचे वेड तेथे तसे पसरले नाही, असे लो यांचे निरीक्षण आहे. म्हणजे स्वतःच्या वजनाची जाणीव ही निव्वळ डोळ्यांची गोष्ट नाही. समाज मुलीकडून काय मागतो, यावर ती ठरते.

सरासरीचा माणूस

आता आकड्यांची गोष्ट. आज डॉक्टरकडे गेले की 'बीएमआय' काढतात, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. या सूत्राचा जनक डॉक्टर नव्हता. बेल्जियमचे अडोल्फ केटेले हे खगोल आणि संख्याशास्त्र यांचे अभ्यासक. ताऱ्यांच्या निरीक्षणांची सरासरी काढतात तशी माणसांची काढावी, या कल्पनेने त्यांना झपाटले होते. प्रौढ माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८३०च्या दशकात दाखवले. लठ्ठपणा मोजणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

पुढे विमा कंपन्यांनी वजनाची कोष्टके केली. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकन कंपनीने १९४०च्या दशकाच्या आरंभी 'आदर्श' वजनांचे कोष्टक काढले, आणि १९५९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. धंद्याच्या सोयीसाठी केलेली ही कोष्टके दवाखान्यांच्या भिंतींवर लागली. १९७२ साली मिनेसोटा विद्यापीठाचे अन्सेल कीझ यांनी केटेलेचे जुने सूत्र पुन्हा तपासले आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. त्यांच्या अभ्यासात पाच देशांतील सात हजारांहून अधिक माणसे होती, आणि ती सारी पुरुष होती. समूहांची तुलना करण्यासाठी सुचवलेले हे साधन हळूहळू एकेका व्यक्तीवर निवाडा देऊ लागले. १९९८ साली अमेरिकेने अतिवजनाची सीमारेषा २५ वर आणली, तेव्हा कोट्यवधी माणसे एक औंसही न वाढता एका दिवसात 'जाड' ठरली.

याच कीझ यांचा एक जुना प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे हे समजण्यासाठी, १९४४-४५ साली त्यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. शस्त्र हाती घेण्यास सद्सद्विवेकाने नकार देणारे हे स्वयंसेवक होते. विद्यापीठाच्या आवारातच ते राहत. सहा महिने अपुरे अन्न घेतल्यावर त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ते चिडखोर आणि उदास झाले. दिवसरात्र त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना, पाकपुस्तके वाचण्यात ते वेळ घालवू लागले. आणि सर्वांत नवल म्हणजे, आपण फार बारीक झालो आहोत असे न वाटता, इतर माणसेच फार जाड आहेत, असे त्यांना वाटू लागले. हे सुदृढ मनाचे, निवडून घेतलेले पुरुष होते. भूक देहाला झिजवते तशीच ती दृष्टीलाही वाकवते. उपाशी मुलीला आरशात खोटे दिसते, तेव्हा तो तिचा हट्ट नसतो. उपासमारीनेच तिची नजर बदललेली असते.

फिजीतील तीन वर्षे

अमेरिकेत चाळीस वर्षांत जे घडले, ते प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर तीन वर्षांत घडल्याचे दिसते. तेथे भरलेले, दणकट अंग ही घराच्या सुबत्तेची आणि आप्तांच्या मायेची खूण. कोणी वाळू लागले, तर घरची माणसे काळजीने औषधपाणी करीत. नांद्रोंगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शन पोहोचले. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा माध्यमिक शाळेतील ६३ मुलींची पाहणी केली, आणि १९९८ साली त्याच प्रांतातील ६५ मुलींची. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसऱ्या पाहणीत असे करणाऱ्या मुलींचे प्रमाण ११.३ टक्के झाले होते. आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असे निदान अधूनमधून वाटते, असे ७४ टक्के मुलींनी सांगितले.

मुलींची संख्या लहान होती आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. त्यामुळे सारा दोष एका दूरदर्शनच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही शेकडो वर्षांचे देहविषयक मूल्य किती अल्पावधीत डळमळू शकते, हे त्यातून कळते. आज आपल्या मुलांच्या हाती जो भ्रमणध्वनी आहे, त्यात शेकडो दूरदर्शन सामावले आहेत.

पुण्याचा धडा

मग वजनाचा काटा फेकून द्यावा काय? तसे म्हणणेही तितकेच अविचाराचे होईल, आणि हे पुण्यातील संशोधनाने दाखवून दिले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके हाडापेरांनी आणि स्नायूंनी लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह आपले दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणसाला बारीक दिसूनही मधुमेह का होतो, याचे मर्म या एका चित्रात आहे. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी अतिवजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली.

आपल्या देशापुढील पेच दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के प्रमाणापेक्षा कृश, तर २४ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल आढळल्या. एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात, दोन्ही नांदतात. अशा वेळी विद्यार्थ्यांची स्वतःविषयीची समजूत खरी ठरते काय? २२ देशांतील १८ हजारांहून अधिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा एक तौलनिक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वजन सारखेच असले तरी 'मी जाड आहे' असे मुलांपेक्षा मुलींना अधिक वाटते, आणि हे जगभर खरे आहे, असे त्यात दिसून आले. मुलग्यांची चूक बहुधा उलट दिशेने होते. सुटलेले पोट त्यांना 'तब्येत' वाटते, किंवा दंड पुरेसे फुगत नाहीत याची खंत लागते. धडधाकट मुलगी जेवण टाळते आणि जपायला हवे असा मुलगा निर्धास्त राहतो.

आपल्या घरातील काटा

हा सारा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. १८८५ साली त्या पदवीधर स्त्रियांना जे विचारले गेले, ते 'तुझे वजन किती?' असे नव्हते, 'तुला कसे वाटते?' असे होते. भूक लागते का, झोप येते का, जिना चढताना दम लागतो का, पाळी वेळेवर येते का, अभ्यासात मन रमते का? हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, जवळीक लागते. रक्तातील लोह किंवा साखर तपासायची, तर डॉक्टर आहेतच. त्यांच्याकडे संकोच न करता जावे. कोणी मुलगी किंवा मुलगा सातत्याने जेवण टाळू लागला, ताटावरून उठून लपून ओकू लागला, झपाट्याने वाळू लागला, तर तो नखरा नसून आजार आहे हे ओळखावे, आणि रागावण्याऐवजी वैद्यकीय मदत घ्यावी.

आणि जिभेला थोडा आवर घालावा. लग्नाच्या मांडवात, सणाच्या पंगतीत, भेटलेल्या मुलीला पहिल्याच वाक्यात 'किती सुटलीस!' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणणारा विसरून जातो. ऐकणारी ते तिकिटासारखे मुठीत झाकून घरी नेते, आणि वर्षानुवर्षे जपते.

स्थानकावरच्या त्या यंत्राने वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर छापले होते. भविष्याच्या ओळीला आपण हसलो, ते बरेच केले. आकड्याला घाबरण्याचेही कारण नव्हते. तो आकडा देहाची एक बातमी होता, देहधारिणीचे मोल नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका वसतिगृहातून आईला वजन कळवणारी ती मुलगी हे जाणत होती. तिला आकड्याची लाज नव्हती, कारण पत्र उघडणारे हात मायेचे आहेत, याची तिला खात्री होती. आपल्या लेकरांना तेवढी खात्री आपण देऊ शकलो, तर काट्यावर उभे राहताना त्यांना मूठ झाकावी लागणार नाही.